मास्तरांनी फळ्यावर लिहिलेला हुकूम

रंगनाथ मास्तरांवर अन्याय झाला तो आमच्या शाळकरी वयात, पोळ्यानंतरच्या सोमवारी, उदगीरच्या आमच्या शाळेत, दुसरी घंटा झाल्या झाल्या. तीन आठवड्यांपूर्वी लोह्याला बहिणीच्या घरी मास्तर हे जग सोडून गेले. तो सोमवार मात्र अजून गेलेला नाही, म्हणून लिहितो.

तालीम खात्याचा, म्हणजे सरकारी शिक्षण खात्याचा, चपराशी लखोटा घेऊन थेट वर्गात आला. आत साहेबाच्या सहीचा बडतर्फीचा हुकूम, इंग्रजीत. कारण एकच : हा इसम मुलांना ‘अस्ट्रे’ नेतो. बंदी घातलेलं एक वर्तमानपत्र त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं, एवढाच गुन्हा. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, खडू उचलला आणि तोच शब्द फळ्यावर लिहिला.

“आजचा शब्द. अर्थ, योग्य वाट सोडून गेलेला. करा वाक्यं.”

त्यांचा नेमच होता : नवा शब्द आधी स्वतःवर वापरायचा, मग दुसऱ्यावर. मागच्या बाकावरचा दिगंबर उठला. “मास्तर, मी शाळेला निघालो अन् अस्ट्रे होऊन जत्रेत गेलो.”

“होत नसतंय दिगंबरराव, जात असतंय. गो अस्ट्रे. जत्रेत जाता तसंच!”

वर्ग हसला. चपराशीही हसला. मी उसळलो, “मास्तर, हे खोटं हाय!”

“म्हणणं खोटं हाय. पण शब्द बरोबर जागी बसवलाय साहेबानं. दोन्ही येगळं धरायला शीक.”

पोटावर पाय येत असताना हा माणूस समोरच्याच्या इंग्रजीला पुरे मार्क देत होता... मी अजून थक्क आहे.

मी पत्रक लिहिलं : ‘वाट सरकारच चुकलंय!’ मास्तरांनी वाचून विचारलं, “सोताला लावून बघितलास का?” मग म्हणाले, “कोंडवाड्याचा शिपाई म्हणतो, जनावर भटकलं. ते पाण्याकडं निघालं होतं का, हे कोण इचारतंय?” मी पत्रक फाडलं. नव्यानं लिहिलं, या वेळी आधी स्वतःवर.

हुकमातल्या त्या शेऱ्यापायी पुढं एकाही शाळेनं त्यांना घेतलं नाही. लोह्याला बहिणीच्या ओसरीत भिंत काळी करून ते शिकवत राहिले. तेराव्याला गेलो तेव्हा भिंतीवर तोच शब्द होता, त्यांच्या तिरप्या अक्षरात. खाली स्वतःवर केलेलं इंग्रजी वाक्य : मी कुणाला अस्ट्रे नेलं का? बहीण म्हणाली, “रोज लिहायचा. पुसू दिलं न्हाई मी.”

त्यांच्यापुढं बसलेल्यांनो, उत्तर तुम्ही द्यायचं आहे. एक वाक्य, स्वतःवर, खाली सही. खात्याच्या दप्तरात साहेबाच्या शेऱ्याशेजारी ते लागलंच पाहिजे. भीती वाटते? घाबरत लिहा. पण लिहा.