दिग्रसचा चाफा आणि दुसरं शील

बोरी अरबच्या पंचफुलाबाईंना दोन गोष्टींचं वेड होतं, एक धम्माचं आणि दुसरं झाडांचं. ही दोन वेडं एका अंगणात नांदवताना त्यांची जी कसरत चाले, ती त्यांचा मुलगा अतुल लहानपणापासून पाहत आला होता.

धम्माच्या बाबतीत बाई काटेकोर. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर पहिली चप्पल त्यांची. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन त्यांच्याकडे, आणि आवाज असा की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी रवंथ थांबवून ऐकत. मात्र पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला, म्हणजे 'न दिलेलं घेणार नाही' या वचनाला, त्यांना नेमका ठसका लागे. बायका पदराआड हसत. पंचफुलाबाईंच्या अंगणातली निम्मी झाडं लोकांच्या कुंपणावरून आली आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

बाईंचं म्हणणं एवढंच, की मागून आणलेली फांदी धरत नाही, गुपचूप आणलेली धरते.

अतुल दारव्ह्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. तो म्हणे, "आई, ही अंधश्रद्धा हाय. अन् तू विहारात अंधश्रद्धेवर भाषण देते."

"अंधश्रद्धा कायची? मी प्रयोग केला. तीन मोगरे मागून आणले, तिन्ही वाळले. तीन तोडून आणले, आता अंगणात पाय ठेवाले जागा हाय काय पाह्य."

"अन् शील?"

"ते मोडत नाई. पाळाले जरा उशीर होते, तेवढंच."

उशिराची रीत ठरलेली होती. फांदीला चार पानं फुटली की त्यातलं एक पान खुडून बाई मालकिणीच्या दारात हजर. "पाहा, तुमच्या जास्वंदीचं लेकरू. आता 'दिलं' म्हणा." मालकीण आधी चकित होई, मग रागावे, आणि चहा होईपर्यंत 'दिलं' म्हणून टाके. तांड्यातल्या तानाबाईंनी एकदा विचारलं, "नाई म्हटलं तर?" पंचफुलाबाई तिथंच भिंतीला टेकल्या. "मंग बसते इथंच. जेवाले काय हाय?" त्या दिवशी संध्याकाळी दुसरं शील ठसक्यावाचून पार पडलं.

राहिला होता फक्त दिग्रसचा चाफा.

विहाराच्या दारात एक जुना चाफा होता. पंचफुलाबाईंनी तो नवी नवरी असताना लावला होता. कुठून आणला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पांढरं फूल, कडेला गुलाबी रेघ, जणू कुणी बोटानं ओढलेली. तो वादळात मुळासकट पडला आणि बाई हळहळल्या. पुढं एका लग्नाला दिग्रसला गेल्या असता धुरपताबाई नावाच्या निवृत्त नर्सच्या फाटकावर हुबेहूब तशीच रेघ दिसली. बाईंचा हात आपोआप वर गेला. फांदी मनगटाएवढी जाड, अर्धी पिशवीबाहेर. चिकाचा डाग लग्नातल्या साडीवर पडला तो कायमचा.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काठी हाय काय?"

खोटं बोलणं चौथ्या शीलात बसत नाही. बाई म्हणाल्या, "झाड हाय. पुढच्या वर्षी ओळखू येईन."

विहाराच्या दारात फांदी धरली. चार पानं आली. बाई पान घेऊन तीनदा दिग्रसला गेल्या, तिन्ही वेळा घराला कुलूप. नर्सबाई पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. मग गुडघ्यांनी साथ सोडली. चाफा कमरेपर्यंत आला, फुलला, आणि ठसका राहिला तो राहिलाच.

यंदाच्या वर्षावासात बाई अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या आठवड्यात अतुलला जवळ बोलावून म्हणाल्या, "दिग्रसचं तेवढं पाहून घेजो. तेवढा ठसका घेऊन जाणं बरं नाई दिसत." दोन दिवसांनी त्या गेल्या.

रविवारी विहारात आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्याच्या आत आईसाठी 'दिलं' हा शब्द आणायचा म्हणून अतुल शुक्रवारीच खिशात चार पानं घेऊन दिग्रसला गेला. या वेळी फाटक उघडं होतं. धुरपताबाईंनी चष्मा पुसत सारी कथा ऐकली.

"म्हंजे माह्या दारची फांदी तुह्या आईनं तोडली. अन् मी 'दिलं' म्हणू?"

"एवढंच काम हाय, मावशी."

"मले नाई म्हणता येत."

अतुलचा चेहरा उतरला. "काहून?"

"द्याले वस्तू आपली लागते, बावा." धुरपताबाईंनी पान उलटंपालटं केलं. "मी पोलिओचे डोस पाजाले बोरीले येत होती. तुमच्या विहारातच बसत होतो. तिथं दारात चाफा होता. त्याची फांदी मी रिकाम्या डब्यात घालून आणली."

"कोणाले विचारून?"

"विचारून आणलेली धरते काय?"

अतुल रिकाम्या हातानं परतला. एसटीत त्याला हसू येई आणि डोळेही भरून येत.

रविवारी विहार भरला. आईच्या फोटोजवळ चाफ्याची फुलं होती. पंचशील सुरू झालं. दुसरं शील आलं आणि सगळ्यांचे आवाज एकदम खाली गेले, कारण जो तो त्या ठसक्याची वाट पाहत होता. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून ठसका आला. सगळ्यांच्या माना वळल्या. धुरपताबाई तोंडाशी पदर धरून बसल्या होत्या.

वंदना झाल्यावर अतुल त्यांच्यासमोर गेला. "मावशी, तो जुना चाफा माह्या आईनं लावला होता. तिच्या वतीनं सांगतो. दिलं."

धुरपताबाई उठल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या. "पंचफुलाबाई, आता माह्यं झालं. म्हणून मीही दिलं." मग घसा खाकरून पाहिला. साफ होता.

जेवणं अतुलच्या अंगणात झाली. हात धुताना धुरपताबाईंची नजर पिवळ्या जास्वंदीवर अडकली ती हलेना. अतुलची बायको पायल पुढं झाली. "थांबा मावशी, तोडून देते."

"देऊ नको," अतुल हळूच म्हणाला. "वाळून जाईन."

मग त्यानं पायलला हाताशी धरून विहिरीकडे तोंड केलं, आणि मागं कट्ट आवाज होईपर्यंत दोघं पाणी किती खोल गेलंय ते पाहत राहिली.