भादव्यात टिकणारी गाय

आमच्या घराण्याने तीन पिढ्या दप्तरे आणि पोथ्या सांभाळल्या. गायीमागे उभा राहून पोट भरणारा मी पहिला. बडोद्यातले नातेवाईक मला डॉक्टर म्हणत, कशाचा ते सांगत नसत.

नव्वदीच्या सुरुवातीला करजणकडच्या एका गावात मी कृत्रिम रेतन करायला जाई. परदेशी ते उत्तम, याबद्दल तेव्हा टीव्हीपासून वळूपर्यंत सर्वांचे एकमत होते. मीही त्यातलाच. तिथल्या एका एकट्या म्हातारीचे, सगळे तिला बा म्हणत, घर एकाच गायीवर चाले. गाय अर्धी देशी गीर, अर्धी परदेशी होल्स्टीन. तिला मी शुद्ध होल्स्टीनचे बीज दिले. पाऊण परदेशी कालवड झाली, देखणी. पण भादव्याच्या दमट उकाड्यात ती जीभ काढून धापा टाकी, आई शेजारी रवंथ करी. बा लेकीवर दिवसभर ओली गोणपाटे टाकत.

पुढच्या भादव्यात आई गाय पहाटे माजावर आली. त्याच दिवशी गावात आमच्या खात्याचे पशुशिबिर होते. मोठे साहेब येणार आणि त्यांच्यासमोर याच गायीला परदेशी वळूचे बीज द्यायचे, असे ठरले. चार वाजता येणारे साहेब सहापर्यंत आले नाहीत. माज ओसरला असता तर तीन आठवडे वाया जाणार होते.

बा म्हणाल्या, "साहेबांच्या वळूची एक पोर आहेच घरात. दुसरीला पंखा तू आणणार, भाई?"

"नुसत्या गीरचे दिले तर दूध घटेल, बा."

"मग हिच्यासारखेच दे ने. हिचे काय वाईट आहे?"

माझ्या पुस्तकातही हेच होते, फक्त तळटीपेत. मी अर्ध्या परदेशी रक्ताच्या संकरित वळूच्या गोठवलेल्या बीजाची नळी कोमट पाण्यात सोडली. एकदा वितळलेले बीज पुन्हा गोठवता येत नाही, त्यामुळे फेरविचाराचा प्रश्न मिटला.

साहेब साडेसहाला आले, कोट घालून. परदेशी वळूच्या आईच्या दुधावर ते घाम पुसत पाऊण तास बोलले.

"यांच्यावर पण एक गोणपाट टाका," बा मागून म्हणाल्या.

मग साहेबांनी प्रात्यक्षिकाची चौकशी केली.

"झाले, साहेब. संकरित वळूचे."

"आणि फोटो?"

फोटो गायीला हार घालून काढला. मला खुलासा मागणारे पत्र आले. मी तीन ओळींत खुलासा दिला.

कालवडच झाली. त्याचे श्रेय मी घेत नाही, बाकीचे घेतो. ती मोठी होऊन व्याल्यानंतरच्या भादव्यात मी गेलो तेव्हा भर दुपारी ती रवंथ करत उभी होती आणि दूध आईइतके देत होती. थोरलीसाठी एक गोणपाट ओले होते. उरलेल्यांत बांनी बाजरी भरली होती.