जतनबाईंचं पारणं

जुन्नरच्या पेठेत माणिकचंदशेटचं हिरड्याचं दुकान होतं. तळेघरच्या डोंगरातून लोक हिरड्याची ओझी डोक्यावर घेऊन यायचे, शेट तो माल पुण्याला पाठवायचे. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. त्या घरात माझी आई, कुशाबाई, दळणकांडण आणि भांडी करायची. म्हणून शेटच्या बायकोची, जतनबाईंची, ही हकिगत मला माहीत. पेठेतले लोक ती वेगळी सांगतात. खुशाल सांगोत.

जतनबाई मंचरच्या. लहानपणीच लग्न होऊन जुन्नरला आल्या. मुलींनी मोठ्याने रडायचं नाही, हसताना दात दिसू द्यायचे नाहीत आणि आपल्याला काय हवं ते तर मुळीच सांगायचं नाही, अशी त्यांच्या माहेरची शिस्त. ती इतकी मुरली की आपल्याला काय होतंय हे पुढे त्यांचं त्यांनाच कळेना. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा घसा धरलाय." वैद्यांनी ज्येष्ठमध दिलं. थोरली मुलगी कस्तुर झाली तेव्हा म्हणाल्या, "डोकं हलकं पडलंय." सुईणीने कपाळाला सुंठ लावली. बाईंना वाटायचं, आपली प्रकृतीच नाजूक आहे. घरच्यांचंही तेच मत होतं. सुंठीवर भागत असेल तर माणसाच्या मनात डोकावण्याची उठाठेव कोण करतो?

कस्तुरला अकराव्या वर्षी घोडेगावच्या रिखबचंदांना दिली. ते तिशी ओलांडलेले बिजवर होते, घर मोठं होतं, दाराशी घोडा होता. मुलगी सासरी गेली आणि जतनबाईंच्या घशाखाली घास उतरेना. दोन दिवस त्या नुसतं पाणी पीत होत्या. माणिकचंदशेट चिडले नाहीत, उलट खूश झाले. म्हणाले, "नाही तरी जेवत नाहीसच, तर पच्चक्खाण घे. पुण्य तरी पदरात पडेल."

पच्चक्खाण म्हणजे त्यागाचा नेम. जैनांत उपवास असाच कोणी करत नाही, नेम घेऊन करतात. बाईंनी नेम घेतला, आणि आईच्या जिवाची तडफड एका दिवसात तपश्चर्या झाली. उकळलेल्या पाण्यावर आठ दिवसांची अठाई पुरी झाली. बायका रोज गाणी म्हणायला आल्या, शेवटी वाजंत्री लावून बाईंना पेठेतून मिरवलं. लोक वाकून पाया पडले. शेटना बाजारात लोक उठून जागा देऊ लागले. आपल्याला काय होतंय हे बाईंना कळत नव्हतं. पण इतक्या लोकांना कळलंय म्हणजे ते तसंच असेल, असं त्या धरून चालल्या.

मग नेमच पडला. काही झालं की बाईंचं जेवण बंद, आणि जेवण बंद झालं की तप. कस्तुरला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवलं नाही. दिवाळीचं काम तिच्या सासूबाईंना एकटीला झेपणार नाही, असा घोडेगावहून निरोप आला. बाळंतपणातच कस्तुर गेली. मूलही गेलं. पंधरा वर्षांची पोर. त्याही वेळी जतनबाई एवढंच म्हणाल्या, "छातीत काहीतरी बसलंय," आणि उपाशी राहिल्या. तेव्हाही लोक म्हणाले, केवढी ही धर्मावरची श्रद्धा! माझी आई श्रद्धाबिद्धा जाणत नव्हती. तिला वाटलं बाहेरची बाधा आहे. ती तळेघरच्या भगताकडून अंगारा घेऊन आली. बाईंनी तो मुकाट्याने लावून घेतला.

पुढच्या श्रावणात घोडेगावहून माणूस आला. रिखबचंदांचं घर सुनं पडलं होतं, आणि थोरली गेली तर धाकटी द्यावी ही रीतच होती. धाकटी सूरज तेव्हा दहा वर्षांची. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, पण शब्द द्यायला कुणाची आडकाठी नसते. माणिकचंदशेटनी दुकानात बसल्या बसल्या शब्द दिला आणि आत येऊन बायकोला सांगितलं. बाई जेवायला बसलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी वाटीत ताक ओतत होत्या. ते ओतून झालं, वाटी त्यांनी सासऱ्यांपुढे ठेवली, आणि त्या दिवसापासून जेवण सोडलं.

शेटना तर पर्वणीच वाटली. पर्युषण तोंडावर आलं होतं. त्यांनी ठरवून टाकलं: बायकोने पर्युषणाची अठाई करावी, शेवटच्या दिवशी संवत्सरी, तिच्या दुसऱ्या दिवशी पारणं व्हावं, आणि त्याच बैठकीत घोडेगावकरांनी सूरजच्या हातात नारळ द्यावा. तपस्विनीच्या साक्षीने सोयरीक. याहून चांगला मुहूर्त कुठला? ज्या अन्नाला ती बाई त्या सोयरिकीपायी शिवत नव्हती, ते सोडल्याचंच पुण्य सोयरिकीला लावायला हे निघाले. माझा आजही संताप होतो.

त्या चातुर्मासात जुन्नरच्या स्थानकात, म्हणजे जैन साधू-साध्वींच्या उतरण्याच्या जागी, एक म्हाताऱ्या साध्वी मुक्कामाला होत्या; त्यांना सगळे महासतीजी म्हणत. शिष्या सोबत होत्या, पण बायकांशी बोलायच्या त्या स्वतः. जतनबाई रोज दुपारी त्यांच्याकडे दुसऱ्या दिवसाचा नेम घ्यायला जायच्या. माझी आई सोबत जाऊन दाराशी बसायची. पहिले दोन दिवस नेम मिळाला. तिसऱ्या दिवशी महासतीजींनी नेम द्यायला हातच वर केला नाही.

"कशाबद्दल उपवास करतेस?" त्यांनी विचारलं.

"पर्युषणाचा, महासतीजी."

"पर्युषण बसायच्या आधीपासून तू जेवत नाहीस. मी तुझं तोंड बघते ना. कशाबद्दल?"

छातीत दगड बसलाय, एवढं बाई म्हणाल्या. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, औषध घे. या म्हातारीने विचारलं, "कधी बसला? तेव्हा समोर कोण होतं? हातात काय होतं?" वाटी होती, ताक होतं, हे बाईंना आठवलं. "त्या वाटीचं काय करावंसं वाटलं?"

बाई म्हणाल्या, "फेकून मारावीशी."

"कुणाला?"

तो दिवस तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. महासतीजींनी पुन्हा तिथूनच सुरुवात केली, न रागावता, न घाई करता. कुणाला, हे नाव बाईंच्या तोंडून यायला आणखी एक दुपार गेली. आधी आलं रिखबचंदांचं. मग, कितीतरी वेळाने, आपल्या नवऱ्याचं.

"याला क्रोध म्हणतात," महासतीजी म्हणाल्या.

क्रोध, मान, माया, लोभ. मनाच्या या चार दोषांची नावं बाई लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमणाच्या पाठात म्हणत आल्या होत्या. तोंडपाठ होती. ती आपल्याच छातीत राहतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई सांगायची, "बाई नुसत्या बघत राहिल्या. मंग म्हनल्या, कुशे, मला राग आलाय गं. आन् हसल्या! लई दिसांनी हसल्या."

पुढच्या दुपारी महासतीजींनी विचारलं, "या रागाच्या खाली काय आहे?" मग बाई रडल्या. कस्तुरसाठी. पोर गेल्याला आठ-नऊ महिने झाले होते, आणि हे रडू आता येत होतं. रडून झाल्यावर त्याच्याही खालचं त्यांनी स्वतःच ओळखलं. "मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "सूरजचंही तसंच होईल." मग पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "महासतीजी, ही सोयरीक मोडू का?"

महासतीजी म्हणाल्या, "लग्नाच्या गोष्टीत मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तो संसार आहे. मी तो सोडलाय." साध्वींचा नियमच तसा, त्यात त्यांची चूक नाही, असं मला अनेकांनी समजावलं आहे. मला अजून पटलेलं नाही. माणसाला इतकं खोल उतरवायचं आणि दोर कापायचा, हा कुठला नियम? पण एवढं खरं की तो दोर त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी टाकलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "सूरजला तिथे द्यायची नाही. मला राग आलाय आणि भीती वाटते." शेटनी मान हलवली. म्हणाले, "उपवासाने पित्त चढलंय. पारणं झालं की बरं वाटेल."

पारण्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं. मंचर, घोडेगाव, ओतूर, सगळीकडून सोयरे आले. पाटावर जतनबाई बसल्या होत्या, शेजारी जरीचं परकर-पोलकं घालून सूरज. मुगाचं कोमट पाणी वाटीत तयार होतं. ते पाजायचा मान रिखबचंदांना दिला होता. संवत्सरीला आणि नंतर भेटेल त्या दिवशी जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर. सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडायचे, ठरलेले शब्द म्हणायचे आणि पुढे सरकायचं. रिखबचंद पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं, सासूबाई."

जतनबाईंनी विचारलं, "कशाबद्दल?"

हे कुणी विचारत नसतं. शेकडो वर्षांत त्या पेठेत कुणी विचारलं नसेल. रिखबचंदांना वाटलं, बाईंना ऐकू आलं नाही. ते पुन्हा म्हणाले.

"ऐकलं मी. कशाबद्दल क्षमा मागता ते सांगा. कस्तुरला माहेरी पाठवली नाही, त्याबद्दल? सुईणीला उशिरा बोलावलं, त्याबद्दल? काय ते सांगा, मग मी क्षमा करते."

रिखबचंदांचे हात जोडलेलेच राहिले. माणिकचंदशेट पुढे झाले, "अगं, काय चालवलंय?" बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हे तप नव्हतं. एकही नव्हतं. पहिल्यापासून मला दुःख झालं होतं, राग आला होता. तुम्ही मला मिरवलंत."

आवाज चढला नव्हता, अंग कापत नव्हतं. आई म्हणायची, इतक्या शहाणपणाने बोललेलं तिने दुसरं कुणाचं ऐकलं नाही. पण उभ्या आयुष्यात त्या बाईने मनातलं पहिल्यांदा सांगितलं आणि घरभर एकच कुजबुज उठली: उपवास डोक्यात गेला. घोडेगावकर वाटी खाली ठेवून उठले. जाता जाता रिखबचंदांची आई म्हणाली, "वेड आईकडून मुलीत उतरतं. नको आम्हाला." सोयरीक मोडली. वाटी बाईंनी आपल्या हाताने उचलली आणि मुगाचं पाणी त्या प्यायल्या. त्यावर लोकांची खात्रीच पटली.

गोष्ट इथे थांबली असती तर मी म्हटलं असतं, जिंकल्या. पण तसं झालं नाही. शेट त्यानंतर बायकोशी बोलले ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून. कार्तिकी पुनव झाली, महासतीजी विहार करून निघून गेल्या, आणि पुन्हा त्या बाजूला आल्या नाहीत. वेड्या बाईची मुलगी म्हणून सूरजला चांगलं स्थळ येईना. शेवटी पठारावरच्या आणे गावात एका लहान दुकानदाराच्या घरी दिली. तिथे पाणी लांबून आणावं लागे. रिखबचंदांनी नाशिकची मुलगी केली. ती मेलीबिली नाही. चांगली गुटगुटीत झाली, चार मुलगे झाले, सोन्याने मढली. सूरजला ती समाजाच्या जेवणात दिसायची.

जतनबाईंना मात्र आता सगळं कळत होतं. दुपारी भांडी घासणाऱ्या माझ्या आईला त्या सांगायच्या, "कुशे, आज मला एकटं वाटतंय," "आज मला हेवा वाटला." आई म्हणायची, "व्हय बाई." दुसरं कुणी विचारणारं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी सूरज दोन मुलं घेऊन माहेरी आली होती. पाणी वाहून तिच्या हातांना घट्टे पडले होते. कशावरून तरी शब्दाला शब्द वाढला आणि ती ओरडली, "त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर मी आज घोडेगावात सुखात असते! माझं वाटोळं केलंस तू."

जतनबाईंच्या तोंडावर हसू आलं.

"हसतेस काय?"

"मला आनंद झाला," त्या म्हणाल्या. "तू भांडतेस. अजून बोल. कस्तुर एवढी मोठी होऊन माझ्याशी भांडायला आलीच नाही गं."

सूरजने धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचा हात धरला आणि बाहेर येऊन गाडीवानाला म्हणाली, "बैल जुंपा. आईला पुन्हा तसंच झालंय."