दोनदा आपटणारी आर्लिस

आर्लिस टॉलेफसन आयुष्यात एकदाच सपशेल आपटली. गावाने मात्र तिला दरवर्षी दोनदा आपटताना पाहिलं, तेही तिकीट काढून.

गोष्ट मिनेसोटातल्या हॅल्व्हर क्रीकची. अठ्ठ्याहत्तर साली तिथल्या कॉलेजात 'झोपमोड' नावाच्या सिनेमाचं शूटिंग झालं. कथा एवढीच, की डीनसाहेबांना दुपारची झोप हवी असते आणि पोरं ती लागू देत नाहीत. आर्लिस तेव्हा चोवीस वर्षांची, कॉलेजच्या मेसमध्ये वाढायला होती. हिरव्या जेलीचा ट्रे घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जा, एवढंच तिला सांगितलं होतं. बूट सिनेमावाल्यांनी दिलेले, कोरे करकरीत, आणि फरशी नुकतीच पुसलेली. बाई घसरल्या, ट्रे उडाला आणि जेली थेट डीनच्या टकलावर जाऊन थरथरत बसली. दिग्दर्शकाने तो चार सेकंदांचा अपघात देवाने धाडला म्हणून तसाच ठेवला.

तेव्हापासून ऑक्टोबरात जुने विद्यार्थी गावात जमले की शनिवारी दुपारी थिएटरात 'झोपमोड' लागतो. लोक घरून ट्रे घेऊन येतात. आर्लिस पडली की तीनशे ट्रे जमिनीवर आदळतात. लगेच ती दुसऱ्यांदा पडते आणि या खेपेला एक खर्जातला आवाज गरजतो, "या शुक्रवारपासून!" सगळं थिएटर त्याच्याबरोबर ओरडतं. इथे शुक्रवारचा काय संबंध, हे कुणी कधी विचारलं नाही. वेडपट सिनेमा, वेडपट वाक्य. गावात लग्नाच्या केकवरसुद्धा ते लिहितात. इथली पोरं शिकागोला गेली, तिथे हाच सिनेमा बघताना उभी राहून एकटीच ओरडली आणि चेहरा पाडून खाली बसली. "शिकागोवाल्यांनी सीन कापलाय," असं घरी येऊन सांगायची. चूक आपली असेल, हे हॅल्व्हर क्रीकच्या माणसाला कसं सुचणार?

आर्लिस स्वतः कधी ओरडली नाही. स्वतःची टिमकी वाजवू नये, ही आईची शिकवण. पहिल्यांदा पडताना ती शरमेने बुटांकडे बघायची, हशा ऐकून मान वर करायची आणि दुसरं पडणं तेवढं डोळे भरून पाहायची. वर्षातल्या त्या चार सेकंदांवर ती उरलेलं वर्ष खुशीत काढायची, हे मात्र खरं.

तिचा नवरा ड्वेन त्याच थिएटरात मशीन चालवायचा. "तू पडलीस तेव्हा मी तिथेच होतो, एक्स्ट्रा म्हणून रांगेत," असं तो सांगायचा. आर्लिस म्हणायची, "होतास तर! आणि गव्हर्नर वाढत होते." तिचंही बरोबरच होतं. मी त्या दिवशी मेसमध्ये होतो म्हणणारे गावातले सगळे खरे धरले, तर मेस तीन मजली बांधावी लागली असती. पडद्यावर ड्वेन कुठेच दिसत नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला, तोपर्यंत ती त्याला याच गोष्टीवरून चिडवत राहिली.

यंदा जुनं मशीन कायमचं बंद पडलं आणि कंपनीकडून नवी कॉपी आली. शुक्रवारी सकाळी थिएटरच्या मॅनेजर टोव्हीने आर्लिसला बोलावून घेतलं.

"आर्लिस, आधी बसा."

"बसते कशाला? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. नव्या कॉपीत तुम्ही एकदाच पडता. मी कंपनीशी भांडले, म्हटलं माल खराब पाठवलात. ते म्हणतात, बाई पहिल्यापासून एकदाच पडते."

टोव्हीने जुनं रीळ उलगडून दाखवलं. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. "हा तुकडा ट्रेलरचा आहे. या शुक्रवारपासून म्हणजे सिनेमा लागणार शुक्रवारपासून!"

आता मात्र आर्लिस बसली. एकोणऐंशी साली पहिल्या खेळाला तिने अशी मान खाली घातली, की स्वतःला पाहिलंच नाही. मग ड्वेनच्या ट्रकमध्ये बसून रडली. तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं, पण थिएटरचं मशीन तोच चालवायचा. "उद्या परत ये," एवढंच तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी ती दोनदा पडली, आणि आपण काल दोन्ही वेळचं हुकवलं, असं समजून गप्प बसली.

"लबाड कुठला! एवढी वर्षं एका टेबलावर जेवलो, एक अक्षर बोलला नाही."

"मी कॉम्प्युटरवर जोडते ना दुसरं पडणं. दोन मिनिटांचं काम."

"नको, पोरी. ते त्याच्या हातचं होतं. गेलं त्याच्याबरोबर."

ठणकावून सांगितलं खरं, पण घरी गेल्यावर ती विचार करत बसली. लोक उद्या दुसऱ्या पडण्याची वाट बघतील आणि डीन भाषण सुरू करेल. लोकांचा विरस होईल त्याचं एक वेळ सोडा. ड्वेनचा त्या सिनेमात एवढाच तुकडा होता आणि तो आपणच नको म्हणून बसलो, हे तिच्या मनातून जाईना.

शनिवारी थिएटर भरलं. आर्लिस तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. आता एकदाच पडायचं, म्हणजे मान घालून भागणार नव्हतं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि जन्मात पहिल्यांदा पहिलं पडणं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. नव्या कॉपीत चित्र चांगलं रुंद होतं. जुन्या मशीनला डावी कड कापायची खोड होती.

डाव्या कडेला रांगेत नारिंगी टोपीवाला एक काटकुळा पोरगा उभा होता. आर्लिसचा पाय सरकला, तशी त्याने हातातली थाळी फेकली आणि दोन्ही हात पुढे करून तिला झेलायला धावला. पोचला नाही.

तीनशे ट्रे आदळले. लोक श्वास रोखून थांबले, आणि पडद्यावर डीनने घसा खाकरून भाषण सुरू केलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शिकागोची कॉपी आणली वाटतं."

आणि टिमकी न वाजवणारी आर्लिस टॉलेफसन, वय वर्षं एकाहत्तर, ताडकन उभी राहिली.

"टोव्ही! मागे घे! परत पाड मला! माझा नवरा आहे त्यात!"

टोव्हीने सिनेमा मागे घेतला. आर्लिस दुसऱ्यांदा पडली. नारिंगी टोपी पुन्हा धावली, आणि या वेळी ती सगळ्या गावाने पाहिली. ट्रे आदळले. खर्जातला आवाज नव्हता, म्हणून तीनशे माणसांनी तो आपल्या गळ्यातून काढला, "या शुक्रवारपासून!"

त्या गदारोळात आर्लिस उभीच होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि हसू काही आवरत नव्हतं.

"होतास की रे," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "खरंच होतास की!"