छातीची तपासणी

सांगायला लाज वाटते खरं तर. पण चहा ओतलाय, तुम्हीही ऐकायच्या तयारीत बसलाय, तर सांगूनच टाकते. एका शब्दाला लाजले आणि अख्ख्या गावाचा गोंधळ करून ठेवला, त्याची ही गोष्ट.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या एका संस्थेचं काम करायला लागले. बायकांच्या स्तनांचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून त्यांची एक गाडी गावोगाव फिरते. आत यंत्र आणि लेडी डॉक्टर. माझं काम एवढंच, की आदल्या दिवशी गावात जाऊन बायकांना समजावायचं. आणि बायका एकत्र कुठं सापडतात? देवळात, भजनाला. म्हणून आम्ही देवळंच धरली होती.

तर उंब्रजच्या बाजूचं एक गाव. ऊस भरपूर, आणि घरटी एखादा तरी फौजेत. संध्याकाळी देवळात पोहोचले, तर भजनाला मोजक्याच बायका. बाकीच्या रानातून यायच्या होत्या. पुजारी म्हणाले, स्पीकरवर सांगा की, शिवारापर्यंत ऐकू जातं.

माईक हातात घेतला. समोर पारावर म्हातारी मंडळी पान जमवत बसलेली, मागं गाभाऱ्यात देव. आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून तो शब्द फुटेना! जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई मी. शेवटी कसंबसं म्हणाले, "उद्या सकाळी देवळापुढं छातीची तपासणी आहे. मोफत आहे. सर्वांनी लवकर यावं."

सर्वांनी! 'बायकांनी' म्हणायचंसुद्धा भान राहिलं नाही. वर स्वतःवर खूश, की किती सभ्यपणे सांगितलं.

आता फौजींच्या गावात छातीची तपासणी म्हटल्यावर लोक काय समजणार? तुम्हीच सांगा.

सकाळी आमची गाडी देवळापाशी वळली आणि ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. देवळापुढं पोरांच्या रांगा. हाफ चड्डी, उघडं अंग, केस बारीक कापलेले. कुणी उठाबशा काढतंय, कुणी श्वास कोंडून छाती फुगवून बघतंय. शेजारच्या गावांतली पोरंही मोटरसायकलींवर आलेली. आणि या सगळ्यांपुढं मिशीला पीळ दिलेले एक रिटायर सुभेदार. गावातल्या पोरांची भरतीची तयारी तेच करून घ्यायचे. रात्रीतून त्यांनी चार गावांत निरोप धाडला होता.

आमच्या डॉक्टरबाई उतरल्या तशी सगळी रांग सावधान झाली.

"मॅडम, पोरं तयार हायती," सुभेदार म्हणाले. "सुरुवात कुठनं करायची?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी देवळाच्या कळसाकडं पाहिलं.

खरी पंचाईत पुढंच होती. डोक्यावर पदर घेऊन काही बायका आल्या होत्या. एवढी उघडी पोरं बघून त्या बोळाच्या तोंडाशीच थबकल्या आणि मागं वळल्या. एकदा घरी गेल्या की पुन्हा यायच्या नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. गाडी त्या गावाला एवढा एकच दिवस होती. मी सुभेदारांना बाजूला घेऊन सांगायला गेले आणि पुन्हा तेच, "अहो, ती तशी तपासणी नाही... म्हणजे छातीचीच, पण..." ते बिचारे छाती मोजायची फीत आणायला निघाले.

तेवढ्यात हौसाक्का आल्या. भजनी मंडळाच्या म्होरक्या, आणि या सुभेदारांच्या आई. आदल्या रात्री भजन झाल्यावर त्यांना मी एकटं गाठून, कानात सगळं नीट सांगितलं होतं. त्यांनी रांगा पाहिल्या, वळलेल्या बायका पाहिल्या. चपला काढल्या, देवळाच्या पायऱ्या चढल्या आणि माईक घेतला.

"ही भरती न्हाई. बायकांच्या थानातली गाठ बघायला गाडी आलीया."

पारावरच्या एका आजोबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. हौसाक्का मुलाकडं बघत होत्या.

"तुझी मावशी पोटाच्या दुखण्यानं गेली, आसं तुला सांगितलं. ते खोटं हाय. तिच्या थानात गाठ हुती. तिनं मला दावली, आन् मी म्हणलं, गप बस, कुनाला सांगू नगंस."

स्पीकर सुरू होता. हे सगळं शिवारापर्यंत गेलं.

सुभेदार पोरांकडं वळले. हुकूम दिला, "कपडे घाला. घरला जावा, आन् आपापल्या आईला घिऊन या."

आणि ती पोरं धावली हो. मला वाटलं, गेली ती गेली. पण थोड्या वेळानं मोटरसायकलींचे आवाज यायला लागले. मागं आई, कुणाची चुलती, कुणाची आजी. एकानं तर ऊस खुरपणाऱ्या आईला तशीच मातीच्या हातांनी आणलेली. बायकांना देवळात बसवून पोरं पाठ करून बाहेर उभी राहिली. आत हौसाक्कांनी भजन धरलं. एकेकीची पाळी येईल तशी ती उठून गाडीत जायची, बाकीच्या गात राहायच्या. आतली बाहेर येईपर्यंत अभंग थांबायचा नाही. मी दाराशी नुसती उभी होते.

एकीला हरभऱ्याएवढी गाठ निघाली. तिला घेऊन तिचा मुलगा दुसऱ्याच दिवशी कराडला गेला. वेळेत सापडली. आता ती ठणठणीत आहे, हौसाक्कांच्या शेजारी बसून गाते.

आणि मी? मी पेटून उठले. पुढच्या गावात माईक घेतला आणि 'स्तनांच्या कॅन्सरची तपासणी' असं खणखणीत आवाजात तीनदा सांगितलं. ना लाजले, ना अडखळले.

सकाळी गाडी घेऊन गेलो. बायका बोटांवर मोजण्याइतक्या.

डॉक्टरबाई दुपारपर्यंत रिकाम्या बसल्या. शेवटी मला हाक मारून म्हणाल्या, "बाई, उद्याच्या गावात तुम्ही आपलं पुन्हा चुकाच."