लिंगाप्पाचा उजवा हात

मादन हिप्परगा गावात मेंढरं कातरायची म्हटलं की लिंगाप्पाला बोलावणं जायचं. कातडीवर ओरखडा न उमटवता तो लोकर उतरवायचा. २०११च्या उन्हाळ्यात भावकीतल्या गुंडप्पाच्या कडबा कुट्टीच्या यंत्रात वैरण सारताना त्याचा उजवा हात आत ओढला गेला. बोटं शाबूत राहिली, पण तळव्यातल्या बोटं मिटवणाऱ्या शिरा तुटल्या.

गुलबर्ग्याच्या एका सरकारी दवाखान्यात जखम शिवली. टाके निघाले तरी बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, हे हाताच्या सर्जनचं काम. तसा सर्जन शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आहे; सरकारी योजनेतून तिथं फुकट होईल, फक्त इथल्या मोठ्या साहेबांची चिठ्ठी लागेल.

मोठे साहेब रजेवर होते. ते आले तर कॉम्प्युटर बंद. मग रेशनकार्डावरचं नाव जुळेना. बायको अनसाबाई दर खेपेला सोबत यायची. बाकड्यावर बसून लिंगाप्पा डाव्या हातानं उजवी बोटं मिटवून बघायचा. सोडली की पुन्हा ताठ.

चिठ्ठी मिळाली तोवर पावसाळा सरून तूर फुलावर आली होती. सर्जननं हात उलटसुलट करून बघितला. शिरा आखडून वर सरकल्यात, एका ऑपरेशनात भागायचं नाही. आता आत नव्या शिरेसाठी जागा करून ठेवू, काही महिन्यांनी दुसरीकडची शीर काढून बसवू. इतका उशीर का केला, असंही त्यानं विचारलं.

"यायलोच हुतो की, डॉक्टरसाब," अनसाबाई म्हणाली. "वाटंतच बसून हुतो."

पहिलं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच्या चिठ्ठीसाठी गेले, तर खिडकीतल्या माणसानं सांगितलं, एका हाताला एकदाच मंजुरी. काम निम्मंच झालंय, हे अनसाबाईनं मराठीत सांगितलं, कन्नडात सांगितलं. साहेबांना विचारतो म्हणाला.

लिंगाप्पा उठला. "चल. मला हितं बसवत न्हाई आता."

घरची मेंढरं त्यानं मेव्हण्याच्या हवाली केली आणि गुलबर्ग्यातल्या एका डाळ मिलच्या फाटकावर राखणीला राहिला. शेजारच्या खोल्यांतल्या लोकांशी बोलताना उजवा हात तो खिशात ठेवी. अनसाबाई मिलमध्येच डाळ निवडायची. मिलच्या सुट्टीच्या दिवशी बाजाराला जाते म्हणून ती त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. साहेबांनी अजून नाही म्हटलेलं नव्हतं. पण उद्या हो म्हणाले, तर नवऱ्याला पुन्हा तिथवर आणायचं कसं, याचाच तिला जास्त घोर लागला होता.