शेवटच्या ओळीतला रिकामा चौकोन

ज्या बिघाडाचे कारण लगेच सापडते तो दुरुस्त होतो आणि विसरला जातो. ज्याचे सापडत नाही, त्याचा किस्सा होतो. चांद्याला निखिल आणि मी असे दोघांचेच आमचे सॉफ्टवेअरचे ऑफिस आहे. कोळवणच्या भातबियाणे केंद्रासाठी केलेल्या एका साध्या तक्त्याने आम्हांला असे किती किस्से दिले, याची नोंद मी ठेवायला हवी होती.

*

पहिला फोन सुनंदाताईंचा. केंद्रात बियाणे मापून नोंदवण्याचे काम त्यांच्याकडे. तक्ता ‘लाभ’ हा शब्द घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हणाले, त्या रकान्यात आकडाच हवा.

“पहिल्या मापाला एक न्हाई म्हणत, मॅडम. लाभ म्हणत्यात.”

निखिल लातूरचा. तो शांतपणे म्हणाला, “आमच्याकडेही.” अंकांच्या रकान्यात मी एका शब्दाला प्रवेश दिला. हे मी का केले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

*

मग खरी तक्रार आली. दिवसाच्या शेवटच्या ओळीतले वजन दुसऱ्या दिवशी गायब. मी माझ्या संगणकावर वीस वेळा भरून पाहिले; वीसही वेळा ते जागेवर होते. तुम्ही भरायलाच विसरत असाल, असे मी, माझ्या मते सौम्यपणे, सुचवले.

“भरते की. समद्या वळी भरून शेवटचीच कशी इसरंन?”

तर्क निर्दोष होता. त्यामुळे मी अधिकच गोंधळले.

*

केंद्रप्रमुख, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात, ते गोंधळले नव्हते. बाईंचे लक्ष नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शुक्रवारपर्यंत सुधारणा झाली नाही, तर संगणकावर दुसरे कोणी बसेल आणि सुनंदाताई पुन्हा पाखडायला जातील, असे त्यांनी मला फोनवर कळवले.

*

बुधवारी निखिल कोळवणला गेला आणि दिवसभर सुनंदाताईंच्या शेजारी बसला. एकही वजन हरवले नाही. शेवटचा आकडा टाकला की हा लगेच विचारी, “वरच्या ओळीत काय आहे?” आणि ताई वरच्या ओळीवर क्लिक करून दाखवत. परत येऊन त्याने अहवाल दिला: “मी असलो की होत नाही.” विद्यापीठात मला शिकवलेल्या कोणत्याही पद्धतीत हे निरीक्षण बसत नव्हते.

*

गुरुवारी मी स्वतः गेले आणि तोंड न उघडता मागे उभी राहिले. शेवटचे वजन टाकून सुनंदाताईंनी एंटर दाबला नाही. चौकोनात कर्सर लुकलुकत असतानाच त्यांनी माउसने ‘सेव्ह’ दाबले आणि तक्ता बंद केला. तक्त्याच्या दृष्टीने तो आकडा अजून लिहून व्हायचा होता, म्हणून त्याने तो सोडून दिला. बुधवारी निखिलच्या प्रश्नामुळे वरच्या ओळीवर क्लिक होई, तेव्हा तो आपोआप लिहून होत होता. मी मात्र प्रत्येक वेळी, विचारही न करता, एंटर दाबत आले होते.

एंटर का नाही, असे मी विचारले.

“दाबला की खाली मोकळी वळ येती. खळ्यावरनं उठताना मोकळी पाटी मांडून ठेवत्यात व्हय?”

तक्ता माझा होता. चूकही माझीच होती. रात्रीच दुरुस्ती केली: ‘सेव्ह’ म्हटले की आधी हातातला चौकोन पूर्ण धरायचा, मग साठवायचे.

*

शुक्रवारी नवी आवृत्ती घेऊन पोहोचले, तेव्हा सगळे केंद्र संगणकाभोवती उभे होते. मी बोलू लागले, तर सरांनी हात वर करून थांबवले. संगणकावर अजून जुनीच आवृत्ती होती, आणि आधी नोंद कशी करतात ते सर स्वतः दाखवणार होते. त्यांनी पाच ओळी भरल्या, प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारत. शेवटचे वजन टाकले, माउसने ‘सेव्ह’ दाबले, तक्ता बंद केला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून पुन्हा उघडला.

शेवटचा चौकोन रिकामा होता.

सर पडद्याकडे बघत राहिले. मग मागून सुनंदाताई म्हणाल्या,

“सरांनी भरलं व्हतं. म्या बगितलंय.”